पाचवा पाय

मुलगी: मी एकच विचारतेय, बाबा. पाय किती होते त्याला?

बाबा: कुत्र्याला चार पाय असतात.

मुलगी: मी जनावरांच्या दवाखान्यात रोज दहा कुत्री धरते, मला माहितीयत त्यांचे पाय. मी माझ्या कुत्र्याचं विचारतेय. या कागदावरच्या.

बाबा: कागदावरच्यालाही चारच हवेत.

मुलगी: पाच होते.

आत्या: अगं, चपला तरी काढ दाराशी. आणि हळू बोला दोघं, शेजारी म्हणतील यांच्याकडे कसाई आलाय की काय. कोणाचे पाय मोजताय भर दुपारी?

मुलगी: आत्या, तू ये इकडे. चष्मा लाव. हा कुत्रा मी काढलाय. गेल्या मंगळवारी.

आत्या: छान आहे की.

मुलगी: छान नाहीये. आता नाहीये. इथे बघ, मागच्या पायाशी. बोट फिरव.

आत्या: खरखरीत लागतंय. काहीतरी थापलंय इथे.

मुलगी: पांढरा रंग थापलाय. त्याच्याखाली पाचवा पाय आहे. आणि या घरात पांढऱ्या रंगाची बाटली एकाच माणसाकडे असते.

बाबा: बाटली नाही. डबी.

आत्या: घ्या! चोरी कबूल नाही, पण डबीची चूक लगेच दुरुस्त.

मुलगी: हसू नकोस गं. मला संपादकबाईंचा फोन आला दवाखान्यात. एका हातात बोकडाची शिंगं, दुसऱ्या हातात फोन. म्हणतात, "अहो, मी ज्या कुत्र्यावर भाळले तो हा नव्हे. तो पळत होता. हा उभा आहे. तुम्ही बदललात का?" मी म्हटलं, कोण कुत्रा? मला हेसुद्धा माहीत नव्हतं की माझं चित्र कोणी बघितलंय!

आत्या: म्हणजे तुझं चित्र तुला न सांगता त्या बाईंकडे गेलं? पाय फुटले की काय त्याला?

बाबा: माझ्या हरणाच्या पाठीवर बसून गेलं.

आत्या: कोड्यात बोलू नकोस रे.

बाबा: कोडं नाही. त्या बाईंच्या लहान मुलांच्या पुस्तकासाठी मी आतली चाळीस चित्रं केली. मुखपृष्ठाचं हरीण सगळ्यात शेवटी. पळणारं. सतरा दिवस घातले त्यावर. केस न् केस काढलाय. शाई वाळल्यावर पातळ कागदावर पालथं घालून ठेवलं, धूळ बसू नये म्हणून. मंगळवारी ही दवाखान्यातून आली आणि टेबलावर कोरी बाजू दिसली तशी तिच्यावर कुत्रा काढून मोकळी.

मुलगी: मला वाटलं कोरा कागद आहे! उलटून बघितलं तेव्हा खाली हरीण. गुपचूप होता तसा ठेवून दिला.

बाबा: आणि मी बुधवारी गठ्ठा बांधून घेऊन गेलो. बाईंनी हरीण हातात घेतलं. बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "सुंदर आहे. फोटो काढायला थांबल्यासारखं वाटतं, पण सुंदर आहे." मग कागद उलटा केला.

आत्या: मग?

बाबा: मग खुर्चीतून उठल्या.

आत्या: अरे, पण हा कुत्रा कसा आवडला ते तरी सांग.

बाबा: तेच सांगतोय. खुर्चीतून उठल्या. कागद खिडकीपाशी नेला. चाळीस चित्रं मी त्यांच्यापुढे ठेवली, त्या एकदासुद्धा उठल्या नव्हत्या.

मुलगी: आणि हे तुम्ही मला पाच दिवस सांगितलं नाहीत.

बाबा: तुझी परवानगी घ्या म्हणाल्या. खाली सही घ्या. मुखपृष्ठावर हाच कुत्रा घ्यायचा म्हणाल्या. म्हणून कागद घरी आणला.

मुलगी: पण माझी सही आहे की यावर! ही बघ, आत्या, कोपऱ्यात. ही मी नाही केलेली!

आत्या: अग्गो बाई.

मुलगी: पाय खोडला, सही जोडली आणि परस्पर बाईंना देऊन आलात. वा!

बाबा: सही तुझीच आहे. तुझ्या वहीतून बघून केली. हुबेहूब.

आत्या: हुबेहूब करण्यात तुझा हात कोणी धरणार नाही रे. पण भाचीच्या कुत्र्याचा पाय का कापलास ते सांग.

बाबा: चूक होती. पाचवा पाय म्हणजे चूक. मी तीस वर्षं पाठ्यपुस्तकांची चित्रं करतोय. कोणी बैलाला एक बरगडी जास्त काढली तरी मी रात्री झोपत नाही. हात आपोआप डबीकडे गेला.

मुलगी: चूक नव्हती ती. तुम्ही विचारलंत का मला? तो कुत्रा सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. मागचा डावा पाय. मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर कापलं. अंगणात सोडला त्याला. आधी तो उभाच राहिला, मान वळवून स्वतःच्याच पायाकडे बघत. कोणाचा आहे हा, असं. आणि मग जो सुटला! तीन फेऱ्या मारल्या हौदाभोवती. तो पाय कुठे ठेवायचा तेच त्याला कळत नव्हतं, एकदा पोटाखाली, एकदा पार मागे, हवेत. मालकीण रडायला लागली, मीही. घरी येईपर्यंत डोळ्यांपुढे तेच. म्हणून मी तो पाय दोनदा काढला. जिथे होता तिथे आणि जिथे पोचला तिथे. तुम्ही नेमका तोच पाय खोडलात, बाबा. बरा झालेला.

आत्या: ऐकलंस?

बाबा: ऐकलं.

मुलगी: आणि बाई म्हणाल्या, आज पाच वाजता छपाईला जायचंय. ड्रायव्हरच्या हाती चित्र परत पाठवलंय, पहिल्यासारखं करून आणा. नाही जमलं तर मुखपृष्ठावर मागच्या बाजूचं हरीणच घेते.

आत्या: हरीण म्हणजे याचं?

मुलगी: यांचं.

आत्या: आता कळली गोम.

बाबा: कसली गोम? मी काही मागितलं का? मी म्हटलं का बाईंना, माझं हरीण घ्या?

आत्या: तोंडाने नाही म्हटलंस. डबीने म्हटलंस.

मुलगी: बाईंनी फोटोसुद्धा काढून ठेवला नव्हता. जाऊ दे. मी परत काढते. दोन वाजलेत. कागद द्या मला एक.

बाबा: तिथे आहेत. वरच्या कप्प्यात.

मुलगी: बोरू माझा पर्समध्ये आहे. शाई?

बाबा: तुझी कुठेय?

मुलगी: दवाखान्यात. पेनात भरायची ती निळी-काळी. बाबा, तुमची मोठी बाटली... राहू दे. आत्या, तुझ्या पेनातली दे थोडी.

आत्या: घे बाई. हिशेब लिहिण्यापेक्षा कुत्रा बरा.

मुलगी: ...नाही. परत. ...हा तर शेळी झाला. अजून एक.

आत्या: हा बरा दिसतोय की गं.

मुलगी: हा कुत्रा आहे, पण तो नाही. हा पळतोय कारण मला पाच वाजायच्या आत पळवायचाय. तो पळत होता कारण त्याला पळता येत होतं. नाही जमणार. दहा झाले. आत्या, कापसाचा बोळा आहे का? पाण्यात बुडवून दे. हा पांढरा रंग पुसूनच काढते.

आत्या: हा घे. जपून हं.

मुलगी: हलक्या हाताने करते. गाईच्या डोळ्यातला मळ काढते, हे काय...

बाबा: थांब!

मुलगी: काय झालं?

बाबा: पाणी लावू नकोस. बोळा बाजूला ठेव. आधी बाजूला ठेव, मग बोल.

मुलगी: ठेवला. पांढरा रंग पाण्याने जातो ना?

बाबा: जातो. तुझी शाईही जाते. पेनातली शाई आहे ती. मी पांढऱ्याचा पहिला हात दिला तेव्हाच ती वर आली होती, निळसर. म्हणून दुसरा हात जवळजवळ सुका दिला. पाणी लावलंस तर रंग आणि रेघ दोन्ही बोळ्यात येतील. खाली निळा डाग राहील.

आत्या: एक विचारू? रागवायचं नाही.

बाबा: नको विचारूस.

आत्या: विचारतेच. तू गप्प बसला असतास तर हिनेच स्वतःच्या हाताने कुत्रा पुसला असता. हरीण मुखपृष्ठावर. तुझ्याकडे कोणी बोट दाखवलं नसतं.

बाबा: माहितीय.

आत्या: मग ओरडलास का?

बाबा: बोळा कागदापासून एवढा होता. एक बोट. मी मोजत होतो. म्हटलं, आता टेकेल. टेकू दे. आणि मग तोंडातून निघालं. माझ्या हातात नव्हतं ते.

मुलगी: म्हणजे तुम्हाला वाटलं होतं, टेकू दे?

बाबा: वाटलं होतं.

मुलगी: बाबा!

बाबा: खोटं बोलू का? मला तुझा हेवा वाटतो. मगाशी चूक चूक म्हणून ओरडलो ते खोटं. मला क्षणभरसुद्धा ती चूक वाटली नाही. कागद घरी आणला, या टेबलावर ठेवला. आणि मी चहाचा कप बाजूला सरकवला. कळलं? त्याच्या पायाला लागून सांडेल म्हणून! साठीला आलेला माणूस, कागदावरच्या कुत्र्यासाठी कप सरकवतोय. तेव्हा डबी उघडली.

आत्या: आपला तो बाब्या, असं जग म्हणतं. याचं आपलं उलटंच. स्वतःच्या लेकीवर जळतोय!

बाबा: जळतोय. कालपण जळत होतो, आत्तापण जळतोय. परक्याचं असतं तर वाहवा करून मोकळा झालो असतो. घरातलं आहे. रोज समोर बसून जेवतं. सतरा दिवस, अक्का! मानेचा एक स्नायू मी तीनदा केला. आणि हिने हात धुवायच्या आत, नऊ रेघांत...

मुलगी: अकरा.

बाबा: नऊ. मी मोजल्यात. दोन नुसत्या झटकल्यात.

आत्या: मला आपली आपल्या आईची आठवण येते. हा सहा वर्षांचा असेल. कोळशाने भिंतीवर मांजर काढलं होतं याने, ओट्याच्या बाजूला. आईने आत येऊन आधी दूध झाकलं, मग कळलं तिला. सगळे हसलो होतो.

मुलगी: हे मला कोणी सांगितलं नाही कधी.

बाबा: सांगण्यासारखं काय? पुढे चित्रशाळेत गेलो. तिथे मास्तर पट्टी घेऊन उभे. "हलतंय ते पुसा आणि हाडं मोजा." मोजली. चांगली मोजली. पहिला नंबर आला. मग कधीतरी परत मांजर काढायला बसलो तर ते बसून राहिलं.

मुलगी: म्हणून माझं खोडायचं?

बाबा: म्हणून नाही. त्याला कारण नाही. ते वाईटच केलं.

आत्या: अडीच झाले. तुम्ही दोघं मन मोकळं करा, घड्याळ काही थांबत नाही. हा पाय निघणार का नाही?

बाबा: निघेल. पाण्याशिवाय. खरवडून. नव्या ब्लेडचा कोपरा घ्यायचा, कागदाला आडवा धरायचा, कण कण उडवायचा. रेघ कागदात मुरलीय, ती राहील. मात्र हात एका केसाने खाली गेला तर रेघेसकट साल निघेल.

मुलगी: मला नाही येणार. मी बैल आवरते, माझे हात तसले नाहीत. तुम्ही काढा.

आत्या: चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतेस?

मुलगी: दुसरं कोणाला येतं? यांच्याइतका बारीक हात कोणाचाय?

आत्या: आणि हात "चुकला" तर? हरणाला आनंद.

मुलगी: चुकला तर मला कळेल, आत्या. यांचा हात कधी चुकत नाही. म्हणून कळेल.

बाबा: ...दिवा ओढ जवळ. अक्का, पंखा बंद कर. आणि बोलू नका माझ्याशी.

(बराच वेळ फक्त ब्लेडची खरखर.)

बाबा: इथे वळताना तू थांबली होतीस का?

मुलगी: तुम्हीच म्हणालात, बोलू नका.

बाबा: मी बोललो तर चालतं. थांबली होतीस का? रेघ जाड झालीय.

मुलगी: नाही. दाबला बोरू. तिथे त्याने जमीन ढकलली.

बाबा: आणि इथे तुटलीय. शाई संपली?

मुलगी: तिथे पाय दिसलाच नाही मला. इतक्या जोरात गेला.

बाबा: दिसला नाही म्हणून काढला नाहीस.

मुलगी: हो.

बाबा: मी असतो तर काढला असता. मला माहितीय तिथे सांधा असतो.

आत्या: आला की रे बाहेर! हा बघ, गुडघा आला.

बाबा: गुडघा नाही, टाच. कुत्र्याची टाच वर असते.

आत्या: बरं बाबा, टाच. मरताना यमालासुद्धा हाडांची नावं सांगशील.

मुलगी: किती वाजले?

आत्या: चार व्हायला आलेत. पाणी प्यायचं का रे?

बाबा: नको. पाणी आणूसुद्धा नकोस इकडे.

मुलगी: बाबा, मध्येच थांबताय तुम्ही.

बाबा: थांबत नाही. मघापासून मी तुझ्या रेघेच्या मागून जातोय. तिचा वेग वेगळा आहे, माझ्या हाताला सवय नाही. ...या रेघेला खालून आधार नाही कुठेच. पेन्सिल नाही, काही नाही. भीती नाही वाटली तुला?

मुलगी: कसली?

बाबा: जाऊ दे. झालंय. फुंकर मार, हलकी. तोंड लांब ठेव, थुंकी उडेल.

आत्या: पाच! पाच झाले! अगं, सुटला की गं हा. मगाशी नुसता उभा होता मेला.

मुलगी: टोक गेलं थोडं. पंजाचं.

बाबा: हो. तिथे माझा पांढरा ओला होता. शाई त्याच्यात गेली. एवढंसं. तांदळाएवढं.

आत्या: मुद्दाम नाही ना?

मुलगी: नाही, आत्या. मी बघत होते. बाबा, एवढं टोक तुम्ही काढून द्या ना. तुमच्या बारीक निबाने. कळणारपण नाही कोणाला.

बाबा: नको.

मुलगी: का? परवानगी देतेय मी. या वेळी विचारून.

बाबा: मी काढलं तर तिथे तो थांबेल. राहू दे उडालेलं.

आत्या: हेवा गेला वाटतं.

बाबा: कुठला जातोय. उद्या पुस्तक छापून आलं की परत येईल. मी आतली चाळीस पानं उघडून बसेन आणि लोक कव्हर बघतील. सही मात्र खरवडून टाकलीय कोपऱ्यातली. तुझी तू कर.

मुलगी: कशाने करू? आत्याच्या पेनाने?

बाबा: त्याने नको. पावसात कोणी पुस्तकाचं मूळ चित्र घेऊन गेलं तर जाईल वाहून. पक्की शाई पाहिजे.

आत्या: पक्की तुझ्या खणात आहे. कुलपात. वीस वर्षं. हिने सातव्या वर्षी अर्धी बाटली सांडली तेव्हापासून.

मुलगी: सांडली नव्हती. घोडा काढला होता मी फरशीवर.

आत्या: तो घोडा! किती घासला मी. जाईना. शेवटी याने त्याच्यावर कपाट सरकवलं, डाग दिसू नये म्हणून.

बाबा: डाग म्हणून नाही सरकवलं.

आत्या: मग?

बाबा: रोज सकाळी उठलो की तो पायात यायचा. मी ओलांडून जायचो त्याला. तुडवला जाईल म्हणून.

मुलगी: ...अजून आहे का तो खाली?

बाबा: असणार. पक्की शाई आहे. ...सव्वाचार झाले. सही कर आणि नीघ. आणि यापुढे त्या पेनातल्या शाईने काढू नकोस. खणाची किल्ली माझ्या चष्म्याच्या डबीत असते.

मुलगी: माहितीय.

बाबा: कधीपासून?

मुलगी: शाळेत होते तेव्हापासून.

बाबा: मग इतक्या वर्षांत कधी घेतली का नाहीस?

मुलगी: तुम्ही दिली नव्हतीत ना.